ताटलीतलं पाणी

१

ताटलीत पाणी होतं, पडदा नव्हता.

मी भिंग लावून पाहिलं, ताटली दिव्याकडे तिरकी करून पाहिलं. तळाला काच, काचेवर पाणी आणि पाण्याच्या कडेला चिकटलेले चार-दोन बुडबुडे. ज्या वस्तूसाठी मला सकाळी सकाळी बोलावून, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या डगल्यात कोंबून या खोलीत आणलं होतं, ती वस्तूच जागेवर नव्हती.

माझं काम तपासणीचं. माणसाच्या शरीरात बसवायच्या वस्तू जिथे तयार होतात तिथे जायचं, नाक खुपसायचं आणि शेवटी हो किंवा नाही म्हणायचं. प्रयोगशाळांमधून मला पाठीमागे 'सासूबाई' म्हणतात, ते माझ्या कानावर आलेलं आहे. म्हणोत बापडे. एक गोष्ट मात्र त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. बंद खोलीत माझा जीव गुदमरतो. आणि ही खोली तर बंद खोल्यांची आजी होती. खिडकी नाही, फक्त भिंतीत बसवलेली एक जाड काच. आत यायला दोन दारं, मधे कपाटाएवढी जागा. आतलं दार उघडं असेल तर बाहेरचं उघडत नाही आणि बाहेरचं उघडं असेल तर आतलं नाही. धुळीचा कणही आत येऊ नये म्हणून ही सोय. माणसाचं काय होतं, त्याची कुणाला फिकीर नव्हती.

खोलीत माझ्याशिवाय चार जण होते आणि चौघांचेही फक्त डोळे दिसत होते.

"पडदा कुठंय?" सर म्हणाले. ते या प्रयोगशाळेचे प्रमुख. रेशमापासून डोळ्याच्या बुबुळावर बसवायचा पडदा करता येतो, या एका गोष्टीवर त्यांनी जगभर नाव कमावलं होतं.

"सकाळी होता सर. मी स्वतः बघितलाय," धाकटी म्हणाली. पडदा तिच्या हातचा. सहा वर्षं ती त्याच्यामागे होती आणि आज मी हो म्हटलं असतं तर तिचा प्रबंध मार्गी लागणार होता.

"सलाईन कुणी घातलं?" हा आवाज ताईंचा. या खोलीचा कारभार त्यांच्याकडे, आणि धाकटीला हाताला धरून काम शिकवलं तेही त्यांनीच.

"मी कशालाही हात लावलेला नाही," चौथा म्हणाला. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. हा यंत्रं सांभाळणारा इंजिनियर, सरांचा जावई. त्यामुळे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्याला जावईबापूच म्हणायचे.

सरांची नजर धाकटीवर खिळली होती. "त्या दुसऱ्या प्रयोगशाळेत मुलाखत देऊन आलीस ना गेल्या महिन्यात? मला कळत नाही असं वाटलं का तुला? रिकाम्या हाताने कशी जाणार, नाही का?"

"सर, मी असं कसं..."

"पडदा सापडला नाही तर मी पोलिसांत देईन आणि तुझ्या प्रबंधाची नोंदणी आजच्या आज रद्द करीन. कुणीही बाहेर जायचं नाही."

एवढं बोलून त्यांनी भिंतीवरचं लाल बटण दाबलं. दोन्ही दारांमधून खट् असा आवाज आला.

"हे परत उघडतं कसं?" मी विचारलं.

जावईबापूच्या डोळ्यांतला रंग उडाला. "बाबा," तो सासऱ्यांना म्हणाला. घाबरला की त्याच्या तोंडून 'सर' जाऊन 'बाबा' येत असे. "ते आग लागल्यावर, सगळे बाहेर पडताना, खोली बंद करायचं बटण आहे. आता फक्त बाहेरून उघडेल. किल्लीने. आणि किल्ली सुरक्षावाल्या साहेबांकडे आहे."

"मग बोलवा त्यांना."

"ते सुट्टीवर आहेत. व्याह्यांकडे गेलेत, शहराच्या पार त्या टोकाला."

२

भिंतीवरच्या फोनवरून फाटकाशी बोलणं झालं. साहेबांना निरोप गेला, ते निघतो म्हणाले आणि आम्ही आत बसलो. बसलो म्हणजे उभे राहिलो. त्या खोलीत स्टूल एकच होतं आणि त्यावर सर होते.

झडती मीच घेतली. डगले, खिसे, हातमोजे, बुटांवरची वेष्टनं, सगळं उलटंपालटं केलं. मग जमीन, टेबलाखालचा भाग, कचऱ्याचा डबा. हाती काहीच लागलं नाही. आता नखाएवढा, पातळ पडदा शोधणं म्हणजे काय, ते कुणालाही कळेल. पण या खोलीतून पाणीसुद्धा बाहेर जात नाही, इथे मोरी नाही. सकाळपासून धाकटी, ताई आणि मग आम्ही, एवढेच आत आलेलो. बाहेर कुणी गेलं नव्हतं.

माझ्या छातीत धडधडायला लागलं होतं. अशा वेळी माझ्याजवळ एकच औषध आहे, प्रश्न विचारणं. काचेजवळच्या कोपऱ्यात मी एकेकाला बोलावलं.

जावईबापू आधीच घामाघूम झाला होता. "काल संध्याकाळी मी आत आलो होतो, खोटं कशाला बोलू. हवेची गाळणी बदलली. त्या ताटलीकडे ढुंकूनही बघितलं नाही मी. मला तर तो पडदा दिसतही नाही हो नीट."

"तुमच्याशिवाय काल कोण आलं होतं?"

"बाबा आले होते, एकदा नजर टाकायला. आणि ताई, आजची हत्यारं मांडायला."

सर स्टुलावरून उठले नाहीत, मलाच त्यांच्याकडे जावं लागलं. "मी पडदा पाहिला आणि गेलो," ते म्हणाले. "हा पडदा काय चीज आहे, कल्पना आहे तुम्हाला? कोशातलं रेशीम उकळायचं, विरघळवायचं, तो रस ताटलीत वाळवायचा. त्याचा पापुद्रा होतो. मग त्याला स्पिरिटची वाफ देऊन पक्का करायचा. एकदा पक्का झाला की उकळत्या पाण्यात टाका, काही होणार नाही. हे मी सिद्ध केलंय. म्हणून तर लोक चोरायला टपलेत."

"आजची तपासणी कशी ठरली होती?"

"आधी दिसणं, मग टिकणं. सकाळी तुम्ही पडदा कोरडा बघायचा. काचेसारखा स्वच्छ दिसला पाहिजे, हा माझा नियम. मग दुपारी ताई तो सलाईनमध्ये भिजवणार आणि तुम्ही ओढून, ताणून बघणार."

"पण ताटलीत तर सकाळीच सलाईन होतं."

"ते त्या पोरीला विचारा," सर म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली.

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. रडून रडून तिचा तोंडावरचा मास्क ओला झाला होता आणि या खोलीत तो काढायची सोय नव्हती.

"सलाईन मी घातलं," ती हळूच म्हणाली. "आल्या आल्या. कुणी यायच्या आधी. कोरडा राहिला की... की त्याच्या कडा वळतात."

हे सांगताना तिचे डोळे क्षणभर सरांकडे गेले आणि परत आले. कडा वळतात हे खरं असेलही, पण सगळं खरं एवढंच नव्हतं.

"घालताना पडदा होता?"

"होता ना. आज तर फारच छान दिसत होता. मला वाटलं, चला, आजचा दिवस माझा आहे." तिला पुन्हा हुंदका आला. "मग मी ताटली झाकून कपाटात ठेवली. त्यानंतर तुम्ही सगळे आल्यावरच काढली."

"मधे त्या कपाटाला कुणी हात लावला?"

"नाही. मी समोरच होते." मग आपण काय बोलून बसलो, ते तिच्याही लक्षात आलं. "म्हणजे मीच घेतला असं होतं ना हे?"

असंच होत होतं. पोरीने स्वतःच्या हातांनी स्वतःभोवतीचं दार लावून घेतलं होतं.

३

ताईंशी बोलायचं राहिलं होतं. पण त्यांना बोलवायच्या आधी मी पुन्हा ताटलीकडे गेले. कारण असं काही नव्हतं. भिंती जवळ येत असल्यासारख्या वाटत होत्या आणि मला डोळ्यांना काहीतरी काम हवं होतं.

बुडबुडे तसेच होते.

मी इतका वेळ झडती घेतली, तिघांची तोंडं बघितली, सरांचं व्याख्यान ऐकलं, आणि ते चार-दोन बुडबुडे जागचे हलले नव्हते. मी ताटली अलगद हलवली. चारचे दहा झाले. शेजारीच सलाईनची बाटली होती, ती उचलून खळखळ हलवली. बुडबुडे आले आणि बघता बघता फुटून गेले.

ताटली खाली ठेवताना माझ्या हातमोज्याचं बोट कडेला किंचित चिकटलं. जिथे पाणी सांडून वाळलं होतं तिथे वार्निश लावल्यासारखी चकाकी होती.

"एक चिमटा द्या," मी ताईंना म्हटलं.

ताईंच्या हाताशी झाकणाचा स्टीलचा डबा होता. प्रत्येक प्रयोगशाळेत असतो तसा, स्पिरिट भरलेला, आत चिमटे बुडवून ठेवलेले. ताईंनी तो डबा थोडा मागे सारला, खणातून नवं कोरं पाकीट काढलं, फोडलं आणि त्यातला चिमटा मला दिला.

मी त्या चिमट्याने ताटलीचा तळ उगाच खरवडला. मग त्यांना कोपऱ्यात घेऊन गेले.

"ताई, ही मुलगी कशी आहे?"

"माझ्या पोटची असती तरी एवढा जीव लावला नसता." त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "तिने चोरी केलेली नाही."

"मग कुणी केली?"

"ते मला माहीत नाही. पण तिने नाही. सरांना समजवा तुम्ही. तुमचं ऐकतील. त्यांनी नोंदणी रद्द केली तर ती कुठेच जाऊ शकणार नाही. मी पंधरा वर्षं इथे आहे बाई. ना वरची जागा मिळाली, ना सोडून जायची हिंमत झाली. तिचं तसं होऊ नये, एवढंच बघत होते मी."

"बघत होते, म्हणजे काय करत होता?"

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. चेहरा झाकलेला असला की माणूस बोलण्याआधी पापण्या किती वेळा मिटतो ते फार स्पष्ट दिसतं.

मागे सर स्टुलावरून उठले होते. फोन त्यांच्या हातात होता. "फाटकावर सांगतोय," ते म्हणाले. "साहेबांबरोबर पोलीसही येऊ देत."

४

"फोन ठेवा," मी म्हटलं. "चोरी झालेलीच नाही."

सरांनी फोन ठेवला नाही, पण बोलायचे थांबले.

टेबलावर हात पुसायच्या स्पिरिटची बाटली होती. मी ती उचलली, झाकण काढलं आणि सगळ्यांच्या समोर ताटलीत धार सोडली. पाण्यात आधी धूर उठल्यासारखा झाला. मग ते दुधासारखं पांढरं झालं आणि त्यात बारीक, लोंबकळणारे तंतू दिसायला लागले.

"रेशीम," धाकटी म्हणाली.

"ताटलीतून काही गेलेलं नाही. सकाळी जे होतं ते सगळं या पाण्यातच आहे. विरघळलेलं. म्हणूनच याचे बुडबुडे फुटत नाहीत आणि सांडून वाळलं तिथे कड चिकटते."

"अशक्य," सर म्हणाले. "माझा पडदा विरघळत नाही."

"नाहीच विरघळत. म्हणूनच तर तुमच्यापैकी एकालाही ही शंका आली नाही. पडदा चोरीला गेला म्हटलं तर तुमची मान वर राहते. विरघळला म्हटलं की नाक कापलं जातं. त्यामुळे तुम्ही सगळे चोर शोधत बसलात. पण वाफ न दिलेला, कच्चा पडदा पाण्यात काय होतो, सर?"

उत्तर जावईबापूने दिलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या आधी. "साखरेसारखा जातो."

"सकाळी या ताटलीत कच्चा पडदा होता. खरा कुणीतरी काल संध्याकाळीच काढून घेतला आणि त्याच्या जागी कच्चा ठेवला. कोरडे असताना ते इतके सारखे दिसतात की करणारीच्या नजरेतूनही फरक सुटला. आता कोणी? चोराने हे केलं नसतं. दुपारी भिजवल्यावर बिंग फुटणार, हे इथे कुणालाही कळतं. हे अशा माणसाने केलं, ज्याला सकाळी दाखवायला एक पडदा हवा होता आणि दुपारी ताणायला दुसरा. मधल्या वेळात तो बदलणार होता. दुपारी पडदा कुणाच्या हातात येणार होता?"

सगळे डोळे एकाच दिशेला वळले.

"ताटली रिकामी दिसली तेव्हा सरांनी विचारलं, पडदा कुठंय. ही म्हणाली, सकाळी होता. तुम्ही तेवढ्या एकट्या होता ताई, की पडद्याबद्दल काहीच विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, सलाईन कुणी घातलं. कारण पाणी पडलं म्हणजे काय झालं, ते फक्त तुम्हाला माहीत होतं."

ताईंचा हात त्या स्टीलच्या डब्यावर होता. त्यांनी तो स्वतःच पुढे सरकवला.

"यात आहे," त्या म्हणाल्या. "पक्क्याला स्पिरिटने काही होत नाही."

"ताई?" धाकटीचा आवाज फुटला. "तुम्ही? मी इथे इतका वेळ चोर म्हणून उभी आहे आणि तुम्ही बघत होतात?"

"काल तो धुरकट दिसत होता गं," ताई म्हणाल्या. त्यांनी एकदाही सरांकडे बघितलं नाही. "वाफ दिल्यावर सगळेच धुरकट होतात हल्ली. सर म्हणाले होते, धुरकट पडदा दाखवलात तर ही मुलगी आणि तिचं काम दोन्ही इथून बाहेर. म्हटलं, सकाळचं दिसणं निभावून नेऊ, दुपारी तुझाच ठेवू. तू आधीच पाणी घालशील हे मला कुठे ठाऊक होतं. आणि नंतर तोंड उघडलं असतं तर तुझी तपासणीच रद्द झाली असती. नाही उघडलं तर..." त्यांनी डबा तिच्यासमोर ठेवला. "दोन्हीकडून अडकले. धीरच झाला नाही."

५

धाकटीने डब्याचं झाकण काढलं, चिमटे एकेक करून बाहेर ठेवले आणि तळातून काहीतरी उचललं. हवेत आल्यावर थोड्याच वेळात त्याच्यावर फुंकर मारलेल्या काचेसारखी धूसर छटा आली.

"बघा," सर म्हणाले. "हे असलं कुणाच्या डोळ्यावर बसवणार?"

धाकटीने त्यांना उत्तर दिलं नाही. तिने नवी ताटली घेतली, पडदा आत ठेवला आणि वरून सलाईन ओतलं. मग ती मला म्हणाली, "जरा थांबा."

आम्ही थांबलो. जायचं तरी कुठे होतं म्हणा.

आणि तो धुरकटपणा निघून गेला. कडांपासून सुरू होऊन मध्यापर्यंत, हळूहळू, पडदा पाण्यात असा मिसळला की दिसेना. मी सलाईनची बाटली आडवी करून ताटलीखाली धरली. तिच्यावरची बारीक अक्षरं, जी मला चष्मा लावूनही वाचायचा कंटाळा येतो, ती पडद्यातून स्वच्छ वाचता आली. चिमट्याने उचलून ओढला. तुटला नाही.

"पृष्ठभाग खरखरीत होतो वाफेने," धाकटी म्हणाली. "म्हणून कोरडा धूसर दिसतो. भिजला की ती खरखर पाण्याने भरून निघते. मला मागच्याच आठवड्यात कळलं. म्हणून मी आज आधीच सलाईन घातलं."

"मग मला का नाही सांगितलंस?" ताईंनी विचारलं.

"आज दाखवून तुम्हालाच चकित करणार होते." तिने माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. "आणि सरांना सांगायची भीती वाटली. त्यांचा नियम कोरडा बघायचा. सकाळी पाणी घालायच्या आधीच स्वच्छ दिसला तेव्हा वाटलं, रात्रीतून दमट झाला असेल. मला संशय यायला हवा होता."

मला राग आला, आणि तो नेमका कुणाचा ते मी लपवलं नाही. "सर, माणसाचा डोळा कधी कोरडा असतो का हो? मग पडदा कोरडा बघायचा नियम कशासाठी? तुमच्या या एका नियमापायी एकीने खरं लपवलं, दुसरीने खोटं मांडलं, आणि दोघींनाही तुमच्यापर्यंत येण्यापेक्षा हे सोपं वाटलं."

सर पुन्हा स्टुलावर बसले. त्यांच्या हातातला फोन मघाशीच गळून तारेला लोंबकळत होता.

आजचा निकाल 'नाही' असाच होता, कारण डब्यातून निघालेल्या पडद्यावर मी शिक्का मारू शकत नव्हते. पण नवा पडदा करून पुन्हा बोलवा, तो ओलाच बघायचा, आणि कामावर पहिलं नाव या मुलीचं असेल, असं मी सरांना तोंडावर सांगितलं. ते हो म्हणाले. ताईंबद्दल मला लिहावं लागेल, हेही सांगितलं.

"लिहा," ताई म्हणाल्या. "या खोलीत मी यापुढे येणार नाही."

तेवढ्यात दारांमधून खट् आवाज आला. काचेपलीकडे सुरक्षावाले साहेब किल्ली दाखवत होते, लग्नाला निघाल्यासारखे कपडे घालून. मधल्या जागेत दोघा-तिघांनाच उभं राहता येतं. पहिले सर गेले आणि त्यांच्या मागोमाग जावईबापू. मग बाहेरचं दार लागलं आणि आमची पाळी आली. मी जवळजवळ धावतच आत शिरले, माझ्यामागून धाकटी आली.

आता आतलं दार लावायचं, की बाहेरचं उघडणार आणि मला हवा मिळणार. पण धाकटी दार लावेना. ती ते हाताने धरून उभी राहिली. खोलीत ताई टेबलापाशी पाठ करून उभ्या होत्या आणि चिमटे एकेक करून डब्यात परत ठेवत होत्या.

"ताई, या."

"तू जा. मी येते मागून."

"मी तुमच्याशी बोलणार नाहीये," धाकटी म्हणाली. "किती दिवस नाही बोलणार ते मला माहीत नाही. पण तुम्ही आल्याशिवाय हे दार मी सोडणार नाही."

ताई वळल्या नाहीत. आतलं दार उघडंच होतं, म्हणून बाहेरचं दार बंद होतं. त्या कपाटाएवढ्या जागेत माझ्या कपाळावर घाम आला होता आणि छाती भात्यासारखी चालली होती. एरवी मी कुणाचीही भीड ठेवली नसती. मी भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले आणि ताईंची वाट बघत राहिले.